साम्य आणि रचना : कृष्णवर्णीयांचा इतिहास, विद्यापीठीय व्याख्यान आणि एन्नोरची खाडी

१

व्याख्यान हा मराठी समीक्षेने उपेक्षिलेला वाङ्मयप्रकार होय. रानड्यांच्या काळापासून महाराष्ट्राची विचारसृष्टी जितकी ग्रंथांनी, तितकीच व्याख्यानपीठांनी घडविली. तथापि बोललेला शब्द हवेत विरतो आणि जो छापला जातो तेवढाच समीक्षेच्या वाट्यास येतो, ह्या साध्या कारणामुळे व्याख्यानाची स्वतःची घडण, त्याचे सामर्थ्य व त्याच्या मर्यादा ह्यांचा विचार क्वचितच झाला आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा इतिहास व साहित्य मराठीत ज्या वाटेने आले, ती वाट पाहिली म्हणजे ही उणीव विशेषत्वाने जाणवते. हा विषय मराठीत प्रथम ग्रंथभांडारातून आला नाही. महाविद्यालयाच्या सभागृहातून, वर्गातून, वाङ्मयमंडळाच्या बैठकीतून तो आला, आणि ज्या श्रोत्यांपुढे तो मांडला गेला ते श्रोते स्वतः एका दीर्घ अन्यायाचे साक्षी होते.

अशा व्याख्यानाला तुलना टाळताच येत नाही. दूरच्या देशातील, परक्या वर्णाच्या माणसांची कथा समोरच्या माणसांना सांगावयाची, तर 'त्यांचे दुःख तुमच्यासारखेच' हे वाक्य वक्त्याच्या ओठांवर आपोआप येते. परंतु तुलना दोन प्रकारची असते. एक साम्याची, ती दोन दुःखांना शेजारी बसविते आणि त्यांच्यातील ओळख पटविते. दुसरी रचनेची, ती असे विचारते की, हे दुःख कोणत्या व्यवस्थेतून निपजते, त्यापासून लाभ कोणाला होतो आणि त्याची किंमत कोण मोजतो. पहिली तुलना धीर देते, दुसरी ज्ञान देते. मराठी व्याख्यानपीठाने पहिली मनःपूर्वक स्वीकारली आणि दुसरी अर्ध्यावर सोडली. ती का सोडली आणि आज ती पुन्हा हाती घेण्याची निकड का आहे, हे पाहण्यासाठी महाराष्ट्राबाहेरच्या एका स्थळाकडे, चेन्नईच्या उत्तरेस असलेल्या एन्नोरच्या खाडीकडे आणि तिच्यावर रचलेल्या एका गाण्याकडे जावे लागेल. मात्र त्यापूर्वी ह्या तुलनेचा मराठी पूर्वेतिहास ध्यानी घेणे अवश्य आहे.

२

हा पूर्वेतिहास १८७३ पासून सुरू होतो. त्या वर्षी प्रसिद्ध झालेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ जोतीराव फुल्यांनी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सत्पुरुषांना अर्पण केला. गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जो निःस्वार्थ त्याग केला, त्याचे स्मरण म्हणून. अमेरिकेत गुलामगिरी घटनेने रद्द होऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. पुण्यातील एका माळ्याच्या मुलाने अटलांटिकपलीकडील ह्या ताज्या घटनेस आपल्या ग्रंथाच्या दारावर स्थान द्यावे, ही गोष्ट मराठी वाङ्मयात अपूर्व आहे. ग्रंथाचे रूपही लक्षणीय आहे. तो जोतीराव आणि धोंडीबा ह्यांचा संवाद आहे. म्हणजे लिहिलेला असूनही तो बोललेला आहे. ऐकणारा प्रश्न विचारतो आणि सांगणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. मराठीत कृष्णवर्णीयांचा उल्लेख अशा रीतीने जन्मतःच श्रोत्यासह आला. फुल्यांच्या ठायी तुलनेचे दोन्ही प्रकार बीजरूपाने आहेत. अर्पणपत्रिकेत साम्य आहे, तर ग्रंथाच्या पोटात विद्या, धर्म आणि सरकारी कचेऱ्या ह्यांच्या साहाय्याने दास्य कसे टिकविले जाते, ह्याची चिकित्सा आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ ह्या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. पुढे १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस ह्यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. ड्यू बॉइस ह्यांनी त्याला सहानुभूतीचे उत्तर पाठविले. ह्या पत्रव्यवहाराचा निर्देश आता सर्वत्र होतो. परंतु त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे गुलामगिरी आणि अस्पृश्यता ह्यांची त्यांनी केलेली तुलना, जी त्यांच्या निधनानंतर प्रकाशित झालेल्या लेखनातही विस्ताराने सापडते. तेथे त्यांचा प्रश्न अधिक दुःखी कोण, हा नाहीच. दोन व्यवस्थांचा हिशेब कसा चालतो, हा तो प्रश्न आहे. गुलाम ही मालकाची मालमत्ता असते, तिला बाजारात किंमत असते, म्हणून शहाणा मालक तिची निगा राखतो. दलदलीच्या, हिवतापाच्या जमिनीवर गुलामाला राबवू नये, तेथे स्वतंत्र मजूर लावावा, असा रोमन मालकांचा व्यवहार होता, ह्याकडे ते लक्ष वेधतात. अस्पृश्य कायद्याने कुणाचाच नसतो; म्हणून त्याच्या मरणाने कुणाचेच नुकसान होत नाही. ज्याच्या जिवाची किंमत कुणाच्याही खतावणीत मांडलेली नाही, त्याच्याच अंगावर संकट ढकलणे सर्वांत स्वस्त पडते.

रचनेच्या तुलनेचा ह्याहून स्वच्छ नमुना मराठी विचारविश्वात मिळणे कठीण. आणि ती दलदलीची जमीन पुढे पुन्हा भेटणार आहे.

३

१९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरास, जे महाविद्यालय काढले व जे पुढे 'मिलिंद' ह्या नावाने प्रसिद्धीस आले, ते ह्या तुलनेचे खरे व्याख्यानपीठ ठरले. निजामी राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मराठवाड्यातील खेड्यांतून आलेली, घरात अक्षराची ओळख नसलेली मुले तेथे इंग्रजी वाङ्मय ऐकू लागली. अमेरिकेत अध्ययन करून परतलेले डॉ. म. ना. वानखेडे ह्यांनी त्यांना कृष्णवर्णीय लेखकांची ओळख करून दिली. १९६७ मध्ये मिलिंदच्या परिसरात दलित साहित्याविषयी जी चर्चा झाली आणि तिच्यापाठोपाठ डॉ. गंगाधर पानतावणे ह्यांच्या संपादनाखाली 'अस्मितादर्श' ने जी दीर्घ वाटचाल केली, तिच्यामागे ही श्रवणपरंपरा उभी आहे. १९७२ मध्ये मुंबईस स्थापन झालेल्या दलित पँथरने तर आपले नावच १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात निघालेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले. डॉ. जनार्दन वाघमारे ह्यांच्या 'अमेरिकन नीग्रो : साहित्य आणि संस्कृती' ह्या ग्रंथाने ह्या विषयाला मराठीत प्रथमच सलग इतिहासाचे अधिष्ठान दिले. (ग्रंथनामातील संज्ञा त्या काळी रूढ होती, आज ती टाकून देण्यात आली आहे.)

साम्याच्या तुलनेने येथे काय साधले, ह्याचे मोल कमी लेखता येणार नाही. ज्या मुलाला आपली भाषा अशुद्ध आणि आपला अनुभव अवाङ्मयीन आहे असे शिकविले गेले होते, त्याला रिचर्ड राइट किंवा लँग्स्टन ह्यूज ह्यांचे नाव ऐकून असे कळले की, जगात इतरत्र अशाच अनुभवातून थोर वाङ्मय निर्माण झाले आहे. मराठी समीक्षेच्या प्रमाणांना न जुमानण्याचे धैर्य त्याला त्या नावांनी दिले. फ्रेडरिक डग्लस ह्याचे उदाहरण ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. १८३८ मध्ये गुलामीतून निसटलेला हा पुरुष प्रथम वक्ता म्हणून प्रसिद्धीस आला. इतके सुंदर बोलणारा माणूस कधी गुलाम असेल, ह्यावर श्रोत्यांचा विश्वास बसेना, तेव्हा नावागावांसह आपली हकीकत त्याने १८४५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. म्हणजे कृष्णवर्णीयांचे आत्मचरित्रही व्याख्यानपीठाचेच अपत्य आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले, प्र. ई. सोनकांबळ्यांचे 'आठवणींचे पक्षी' त्याच्या पुढच्या वर्षी; ह्या आत्मकथनांच्या मागेही ऐकणाऱ्यांचा आणि सांगणाऱ्यांचा एक समुदाय आधी जमला होता, हे विसरता येत नाही.

परंतु साम्य जेथे संपते तेथेच समीक्षेचे खरे काम सुरू होते, आणि तेथेच ही परंपरा थबकली. एक उदाहरण पुरे. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा १९६३ च्या त्याच नावाच्या संग्रहात आहे. रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी आलेला तरुण भाड्याने खोली मिळावी म्हणून आपली जात लपवितो आणि उघडकीस येताच मार खातो. तिच्याशेजारी नेला लार्सन हिची 'पासिंग' ही १९२९ ची कादंबरी ठेवावी. तिच्यातील उजळ वर्णाची कृष्णवर्णीय स्त्री गोऱ्यांत गोरी म्हणून वावरते. दोन्हीकडे लपविणे आहे आणि दोन्हीकडे भय आहे. साम्याची तुलना येथे समाधानाने थांबेल. रचनेची तुलना मात्र पुढे जाते. वर्ण हा अंगावर दिसतो. तो लपविणे काही मोजक्या उजळ व्यक्तींनाच शक्य असते. जात अंगावर दिसत नाही, म्हणून ती लपविणे तत्त्वतः सर्वांना शक्य असते, आणि म्हणूनच ती हुडकून काढण्याची यंत्रणा, आडनाव, गाव, नातेवाईक, देव, ह्यांच्या प्रश्नोत्तरांतून प्रत्येक उंबरठ्यावर बसलेली असते. डग्लसची कथा एका सीमेकडे धावते. ती ओलांडली म्हणजे निदान कायदा बदलतो. बागुलांच्या नायकाला ओलांडावयास सीमाच नाही. तो जेथे उतरतो तेथे प्रश्न त्याच्याआधी पोहोचलेला असतो. दोन कथांची घडण भिन्न आहे, कारण दोन व्यवस्थांची घडण भिन्न आहे. कृष्णवर्णीय आणि दलित साहित्याच्या मराठी तुलनेत 'वेदना', 'विद्रोह', 'नकार' हे शब्द जितक्या वेळा आले, तितक्या वेळा हा प्रश्न आला असता, तर ती तुलना आज इतकी थकलेली वाटली नसती.

४

अमेरिकेत ह्या व्याख्यानपीठाचे काय झाले, हेही पाहणे उचित ठरेल. कार्टर वुडसन ह्यांनी १९२६ च्या फेब्रुवारीत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. पन्नास वर्षांनी त्याचा महिना झाला. आज तेथील असंख्य विद्यापीठांत त्या महिन्यात सार्वजनिक व्याख्याने होतात. ती आपोआप मिळालेली नाहीत. सॅन फ्रान्सिस्को येथील राज्य महाविद्यालयात १९६८-६९ मध्ये विद्यार्थ्यांनी कित्येक महिने संप केला, तेव्हा कृष्णवर्णीयांच्या अभ्यासाला स्वतंत्र स्थान मिळाले. महाराष्ट्राला ह्यात अपरिचित असे काही नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ मध्ये विधिमंडळाने केला आणि ते नाव प्रत्यक्षात १९९४ मध्ये लागले. मधल्या सोळा वर्षांत वस्त्या जळाल्या आणि माणसे मेली. विद्यापीठाच्या कमानीवरील अक्षरे हा केवळ मानाचा प्रश्न नसतो. तेथून कोणाचा इतिहास बोलला जाईल, ह्याचा तो निवाडा असतो.

मात्र मिळालेले व्याख्यानपीठ समारंभाचे स्थान होण्याचे भय दोन्हीकडे सारखेच आहे. फेब्रुवारीतील व्याख्यान काय किंवा एप्रिलमधील जयंतीचे व्याख्यान काय, ठराविक थोर पुरुषांच्या ठराविक गौरवात ते निमाले, की श्रोता समाधानाने घरी जातो. अमेरिकेत ह्या समाधानाला तडा गेला तो एका अनपेक्षित बाजूने. १९८२ मध्ये उत्तर कॅरोलायना राज्यातील वॉरन परगण्यात, जेथे बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची होती, तेथे सरकार विषारी मातीचा साठा पुरू लागले, आणि लोक मालमोटारींपुढे रस्त्यावर आडवे झाले. पाचशेंहून अधिक माणसांना अटक झाली. १९८७ मध्ये एका ख्रिस्ती संघटनेने देशभर पाहणी करून असे दाखविले की, घातक कचऱ्याच्या जागा कोठे होतात हे ठरविणाऱ्या घटकांत वंश हा सर्वांत प्रभावी आहे. रॉबर्ट बुलार्ड ह्यांच्या १९९० च्या 'डंपिंग इन डिक्सी' ह्या ग्रंथाने ह्या प्रश्नाला अभ्यासविषयाचे रूप दिले. कृष्णवर्णीयांच्या इतिहासावरील व्याख्यान आता केवळ भूतकाळाविषयी राहिले नाही. वारा कोणीकडून वाहतो आणि राख कोठे पडते, हाही त्याचा विषय झाला. बाबासाहेबांनी सांगितलेली दलदलीची जमीन ती हीच.

५

ही जमीन भारतात पाहावयाची, तर एन्नोर हे तिचे ठळक नाव आहे. कोसस्थलैयार नदी जेथे समुद्राला मिळते, तेथील ही खाडी, तिच्यातील मिठागरे, तिवरांची रोपे आणि कोळंबी ह्यांवर मच्छीमारांची गावे जगत आली; ह्या मच्छीमारांत अनुसूचित जातींची आणि इरुलर आदिवासींची माणसे आहेत. गेल्या अर्धशतकात ह्या खाडीभोवती औष्णिक वीज केंद्रे, बंदर आणि रसायनांचे कारखाने उभे राहिले. एन्नोरचे जुने वीज केंद्र १९७० मध्ये सुरू होऊन २०१७ मध्ये बंद झाले, परंतु परिसरातील इतर केंद्रांची राख खाडीच्या तळाशी साचत राहिली. २०२३ च्या डिसेंबरात चक्रीवादळातील पुराबरोबर खाडीत तेल पसरले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अमोनियाची गळती होऊन मध्यरात्री लोकांना घरे सोडून पळावे लागले. शहराला वीज मिळते, देशाला बंदर मिळते. राख मात्र ज्याच्या जिवाला खतावणीत स्थान नाही त्याच्या पाण्यात पडते.

२०१७ च्या जानेवारीत ह्या खाडीच्या काठावर चित्रित झालेले 'चेन्नई पोरंबोक पाडल' हे गाणे प्रसिद्ध झाले. शब्द कबेर वासुकी ह्यांचे, चाल आर. के. श्रीरामकुमार ह्यांची, गायन टी. एम. कृष्णा ह्यांचे. 'पोरंबोक' हा जुना महसुली शब्द. ज्या जमिनीवर सारा आकारला जात नाही, जी कुणा एकाच्या नावावर नाही आणि सर्वांच्या उपयोगाची आहे, अशी तळी, ओढे, गायराने, खाड्यांचे काठ ह्यांना तो लावीत. कालांतराने तो शब्द शिवी झाला. कुचकामी, टाकाऊ माणसाला तमिळ बोलीत तो चिकटला. ज्यापासून सरकारला महसूल नाही ते निरुपयोगी, आणि जे निरुपयोगी त्यावर राख टाकण्यास हरकत नाही, असा हा अर्थप्रवास आहे. एका शब्दाच्या अधोगतीत एका भूमीची अधोगती साठविलेली आहे.

गाण्याचे वाङ्मयीन यश ह्या शब्दाच्या उद्धारात आहे. कर्नाटक संगीताची मैफल प्रायः तेलुगू, संस्कृत आणि ग्रांथिक तमिळ ह्या भाषांत वावरते. येथे चेन्नईच्या रस्त्यावरची तमिळ बोली रागमालिकेत बसविली आहे. ह्या संगीतात एकच ओळ नव्या नव्या वळणांनी पुन्हा गाण्याची रीत आहे. ती रीत येथे शिवीवर चालविली जाते आणि प्रत्येक आवृत्तीगणिक शब्दावरील काजळी थोडी थोडी निघत जाते. शेवटी गाणे श्रोत्यालाही त्याच शब्दाच्या कक्षेत ओढते. ड्यू बॉइस ह्यांनी आपल्या १९०३ च्या 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' मध्ये प्रत्येक प्रकरणाच्या शिरोभागी गुलामांच्या शोकगीतांचे स्वर छापले होते. विद्वानाच्या गद्याला त्या अनामिक गाण्याचा पाया आहे, हे त्यांना सुचवावयाचे होते. एन्नोरच्या गाण्यात हा क्रम उलटा आहे. येथे विद्वत्तेचे संगीत रस्त्यावरच्या शब्दाकडे चालून आले आहे.

आणि तेथेच त्याची मर्यादाही आहे. वॉरन परगण्यात बोलणारे आणि सोसणारे एकच होते. एन्नोरच्या गाण्यात आवाज मैफलीतल्या नामांकित गायकाचा आहे आणि खाडीतला माणूस बहुतांशी दृश्यात आहे. पोरंबोक सर्वांचे, असे म्हणताना ह्या 'सर्वां'मध्ये काही जण त्या काठावर पिढ्यान्पिढ्या का राहिले, त्यांना गावाच्या मधल्या जमिनीत स्थान का नव्हते, हा जातीचा प्रश्न धूसर होतो. सार्वजनिक भूमीची बाजू घेणे आणि त्या भूमीवर ढकलल्या गेलेल्यांची बाजू घेणे ह्या दोन गोष्टी जवळच्या आहेत, एक नव्हेत. ह्या उणिवेने गाण्याचे मोल नाहीसे होत नाही. परंतु जे व्याख्यानपीठ हे गाणे उदाहरण म्हणून घेईल, त्याला ही जागा भरून काढावी लागेल.

६

ती भरून काढण्याची सामग्री मराठीजवळ आहे, आणि ती उसनी आणावयाची नाही. महाडचे चवदार तळे सार्वजनिक होते. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला होता, तरी १९२७ मध्ये तेथे ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला आणि न्यायालयाचा अंतिम निर्णय होण्यास १९३७ उजाडले. 'सर्वांचे' ह्या शब्दात कोण कोण येतात, हा प्रश्न महाडने विचारला. १९५९ आणि १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जे सत्याग्रह केले, त्यांत पडीक आणि सरकारी जमिनीची मागणी होती. मराठवाड्यातील गायरानांवरचा झगडा त्याच प्रश्नाची पुढची पायरी होय. 'पोरंबोक' ला मराठीत जवळचा शब्द 'गायरान' हाच आहे. आणि दलित आत्मकथनांत गावकुसाबाहेरच्या वस्तीची जी वर्णने आहेत, उकिरडा कोठे, ढोरे कोठे फाडीत, पाणी कोणत्या घाटावर भरावयाचे, ती आजवर वातावरणनिर्मिती म्हणून वाचली गेली. वस्तुतः ती त्या लेखनाची सर्वांत काटेकोर पाने आहेत. गावाने आपली घाण कोणाच्या दारात टाकावयाची ठरविली, ह्याचा तो नकाशा आहे. महाडने विचारले, सार्वजनिक पाणी कोणाला मिळेल. एन्नोर विचारते, ते पाणी पाणी म्हणून उरेल काय. दोन्ही प्रश्न एकत्र विचारल्याशिवाय कोणत्याही एकाचे उत्तर पुरे होणार नाही.

म्हणून कृष्णवर्णीयांच्या इतिहासावर मराठी विद्यापीठांतून बोलणाऱ्याने 'ते आपल्यासारखे' ह्या वाक्यापाशी थांबू नये. ते वाक्य एके काळी मिलिंदच्या वर्गातील मुलाला उभे करण्यासाठी आवश्यक होते, आणि त्याने आपले काम केले. आज त्या मुलाची नात श्रोत्यांत बसलेली आहे. तिला धीर देणे पुरेसे नाही. राख कोठून येते हे तिला हिशेबासह समजावून घ्यावयाचे आहे. तो हिशेब मांडण्याची रीत बाबासाहेबांनी दलदलीच्या जमिनीच्या एका दाखल्यात दाखवून ठेवली आहे. व्याख्यानपीठाने ती उचलली, तर वॉरन परगणा, एन्नोरची खाडी आणि मराठवाड्याचे गायरान ही एकाच अभ्यासाची तीन प्रकरणे होतील. न उचलली, तर ती दरवर्षी ठराविक तारखेला आठविली जाणारी तीन दुःखे राहतील.